हळकुंडातून कुरकुमीन: शंभर ग्रॅम पुडीपासून स्फटिकापर्यंत

ॲसिटोनमध्ये हळदीची पूड टाकली की दोन-चार मिनिटांत द्राव गडद केशरी होतो आणि अर्धे काम झाल्यासारखे वाटते. खरे तर काम तिथून पुढे सुरू होते. त्या केशरी द्रावात कुरकुमीन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य, असते, तसेच सुगंधी तेल, मेद आणि रेझिनही असते. तो आटवल्यावर तळाशी राहणाऱ्या तपकिरी, चिकट गोळ्यात, म्हणजे ओलिओरेझिनमध्ये, कुरकुमिनॉइडचा (कुरकुमीन आणि त्याची जवळची भावंडे) वाटा बहुतेक वेळा निम्म्याच्या आतबाहेर असतो. १८१५ साली फोगेल आणि पेलेटिए यांनी हळदीतून पहिल्यांदा वेगळा काढलेला ‘पिवळा पदार्थ’ही पुढे रेझिन आणि तेलाचे मिश्रण ठरला. रेणूची रचना कळायला १९१० साल उजाडले. त्यामुळे रंग पाहून समाधान मानू नका. वजन आणि प्रकाशशोषणाचे आकडे काय सांगतात तेच धरा.

ही कृती महाविद्यालयीन प्रयोगशाळेत होईल अशी आहे. धूर ओढून घेणारे कपाट म्हणजे फ्यूम हूड, वॉटर बाथ, व्हॅक्यूम पंप, पंपाच्या ओढीने गाळणारे बुकनर फनेल, द्राव किती प्रकाश शोषतो ते मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि शक्यतो रोटरी इव्हॅपोरेटर (फिरत्या फ्लास्कमधून कमी दाबाखाली द्रावक उडवणारे यंत्र) ही मुख्य साधने हवीत. स्वयंपाकघरात हे करू नका. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतो आणि त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. हेक्झेनचेही तेच. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ओट्यावरून जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. गॅस, बन्सेन बर्नर, उघडी शेगडी यांपैकी काहीही त्या खोलीत पेटते नको. नेहमीचे नायट्राइल हातमोजे ॲसिटोनपुढे काही मिनिटांतच हार मानतात. शिंतोडा उडाला की लगेच बदला, किंवा ब्युटाइल रबराचे वापरा.

कच्चा माल

पूड विकत घेऊ नका. अख्खी हळकुंडे घ्या. तयार पुडीत मेटॅनिल यलो हा भेसळीचा पिवळा रंग असेल तर ते द्रावात उतरते, आणि त्याचे शोषणही ४३० नॅनोमीटरच्या आसपास असल्यामुळे शेवटच्या मोजणीत ते कुरकुमीन म्हणून मिरवते. पूडच वापरायची वेळ आली तर चिमूटभर पूड पाण्यात हलवा आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाका. शुद्ध हळदही आम्लात लालसर होते, पण पाणी घातल्यावर ती लाली जाते. गुलाबी-जांभळा रंग पाण्यानेही हटला नाही तर भेसळ आहे. लेड क्रोमेट हा भेसळीतला शिशाचा रंग मात्र या चाचणीत सापडत नाही, त्यासाठी शिशाची वेगळी तपासणी करावी लागते.

महाराष्ट्रात सर्वाधिक पेरली जाते ती सेलम. तिच्यात साधारण ४ ते ५ टक्के कुरकुमिनॉइड मिळतात. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रातून आलेली फुले स्वरूपा आणि वर्धा जिल्ह्यातली वायगाव हळद या बाबतीत त्याहून सरस मानल्या जातात, तर मेघालयातली लाकाडोंग ७ टक्क्यांच्या आसपास जाते. पण जातीच्या नावावर विसंबून हिशेब मांडू नये. एकाच जातीच्या दोन शेतांतल्या मालातही फरक पडतो, आणि जेठे गड्डे व हळकुंडे यांतही. एका प्रयोगासाठी एकाच पोत्यातला, एकाच प्रकारचा माल घ्या.

शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळकुंडे चालतात. मोडताना खट् असा आवाज आला पाहिजे. वाकून, तंतू ओढत तुटणारे हळकुंड अजून ओले आहे. आर्द्रता १० टक्क्यांच्या खाली हवी, ८ असेल तर उत्तम. ओल राहिली की ती ॲसिटोनमध्ये मिसळते, मग पाण्याबरोबर साखरा आणि डिंकासारखे पदार्थ उतरतात आणि पुढे स्फटिक धरत नाहीत. शंका असेल तर हळकुंडे ठेचून ५० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा. उन्हात नको, कुरकुमीन उजेडाने मोडते.

दळताना लोखंडी खल टाळा. कुरकुमीन लोहाशी संयुग करते आणि माल काळपट पडतो. स्टीलच्या भांड्याचा मिक्सर थांबत-थांबत चालवा, भांडे हाताला गरम लागू देऊ नका. पूड ४० मेशच्या चाळणीतून पडावी आणि ६० मेशवर राहावी, म्हणजे कण साधारण पाव ते चार दशांश मिलिमीटरचे. आणखी बारीक केली तर पृष्ठभाग वाढून काम लवकर होईल असे वाटते, पण मैद्यासारखी पूड फिल्टर कागद बुजवते आणि सॉक्सलेटच्या थिंबलमध्ये, म्हणजे पूड भरायच्या नळीत, तिचा घट्ट गोळा बसतो. द्राव त्या गोळ्याला बगल देऊन कडेने वाहतो आणि आतली पूड कोरडीच राहते.

आधी मोजा, मग काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग हाती आलेले उत्पादन चांगले की वाईट हे सांगायला काहीच उरत नाही. ०.१ ग्रॅम पूड अचूक तोलून ३० मिली इथेनॉलमध्ये अडीच तास रिफ्लक्सवर, म्हणजे वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल अशा उकळीवर, ठेवा. थंड करून गाळा, कागद धुऊन घ्या आणि एकूण द्राव १०० मिली करा. त्यातले २० मिली घेऊन २५० मिलीपर्यंत विरळ करा. कोरे इथेनॉल संदर्भाला ठेवून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (काचेच्या चौकोनी नळीत) ४२५ नॅनोमीटरवर शोषण वाचा.

इथेनॉलमध्ये कुरकुमीनच्या १ टक्का द्रावाचे या तरंगलांबीवरचे शोषण १६०७ धरतात. वरच्या विरलीकरणात १०० मिलीमध्ये ०.००८ ग्रॅम पूड येते. म्हणून टक्केवारी काढायला वाचलेल्या शोषणाला ७.७८ ने गुणा. शोषण ०.५१४ आले तर पुडीत ४ टक्के कुरकुमिनॉइड आहेत, म्हणजे १०० ग्रॅममागे ४ ग्रॅम. तुमची कमाल मर्यादा तीच.

या मोजणीत कुरकुमीन, डीमिथॉक्सीकुरकुमीन आणि बिसडीमिथॉक्सीकुरकुमीन ही तिन्ही भावंडे एकत्र धरली जातात. तिघांत पहिल्याचा वाटा बहुधा ७० टक्क्यांच्या वर असतो. बाजारात ‘९५ टक्के’ म्हणून मिळणारा मालही तिघांची बेरीजच असते. तिन्ही वेगळी मोजायची असतील तर मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्राला पर्याय नाही.

कोणता द्रावक

थंड पाण्यात कुरकुमीन विरघळत नाही म्हटले तरी चालेल. ॲसिटोन, इथेनॉल, मिथेनॉल आणि इथाइल ॲसिटेट हे चारही ते काढतात. यांत ॲसिटोनला पसंती देण्याची कारणे व्यवहाराची आहेत. तो लवकर भिनतो, कमी तापमानाला उडून जातो आणि परत मिळवणे सोपे असते. इथेनॉल विषारीपणाच्या दृष्टीने अधिक सुरक्षित, पण ९५ टक्के इथेनॉलमधल्या पाण्यामुळे साखरा जास्त उतरतात, शिवाय त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. दुकानातला डिनेचर्ड स्पिरिट वापरायचा मोह टाळा, त्यात मुद्दाम घातलेली विषारी द्रव्ये तुमच्या मालात साठतात. मिथेनॉल चांगला काढतो, पण त्याचा उरलेला अंश खाद्य मालात फारसा चालत नाही. सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडची जाहिरात खूप होते. तेल काढायला तो उत्तम, पण इथेनॉलची जोड नसेल तर कुरकुमीनला फारसा हात लावत नाही.

सोडा किंवा चुन्याच्या पाण्यात हळद विरघळवून आम्लाने साका पाडण्याची कृती स्वस्त म्हणून सांगितली जाते. ती करू नका. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि चुन्याशी हळद कुंकवासारखी लाल होते, हे घरोघरी माहीत आहे. आम्लारी माध्यमात रेणू प्रोटॉन सोडून वेगळे रूप घेतो त्याचा तो रंग. पण त्या रूपात तो टिकत नाही. ३७ अंशांवर पीएच ७.२ च्या साध्या बफरमध्येही अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कुरकुमीन मोडते आणि व्हॅनिलिन, फेरुलिक आम्ल असे तुकडे उरतात. पीएच त्याहून वर नेणे म्हणजे माल स्वतःच्या हाताने जाळणे. काचेच्या भांड्यांवर धुण्याचा सोडा राहिला असेल तरीही तोटा होतो. भांडी शेवटी पातळ ॲसेटिक आम्लाने आणि मग डिस्टिल्ड पाण्याने विसळून पूर्ण वाळवा.

तेल आधी काढा

हळदीत ३ ते ७ टक्के सुगंधी तेल असते, मुख्यतः टर्मेरोन गटातले. स्फटिक न धरण्याचे सर्वांत मोठे कारण हेच तेल. ते हेक्झेनमध्ये सहज विरघळते, कुरकुमीन मात्र नाही. म्हणून दोघांना सुरुवातीलाच वेगळे करायचे.

१ लिटरच्या झाकणाच्या काचेच्या फ्लास्कमध्ये १०० ग्रॅम पूड आणि ३०० मिली हेक्झेन घ्या. चुंबकीय ढवळणीवर खोलीच्या तापमानाला २ तास ठेवा. बुकनरमधून गाळा, पूड परत फ्लास्कमध्ये घेऊन २०० मिली ताज्या हेक्झेनने तासभर ढवळा आणि पुन्हा गाळा. गाळून निघालेला हेक्झेन फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद नारिंगी दिसला तर हेक्झेनची बाटली तपासा, बहुधा आधीच्या कामातला ॲसिटोन किंवा अल्कोहोल त्यात मिसळलेला असतो.

पूड ट्रेमध्ये पातळ पसरून, वर काळा कागद किंवा फॉइल सैल ठेवून रात्रभर फ्यूम हूडमध्ये सोडा. सकाळी हेक्झेनचा वास येता कामा नये. तो राहिला तर पुढच्या टप्प्यात ॲसिटोन पातळ पडतो आणि उतारा घटतो. गाळून निघालेला हेक्झेन टाकू नका, त्याचे ऊर्ध्वपातन केले की तळाशी तेल उरते. ते स्वतंत्रपणे अभ्यासण्यासारखे आहे.

ॲसिटोनचा उतारा

तेल काढलेल्या पुडीवर ५०० मिली ॲसिटोन घाला, फ्लास्कला फॉइल गुंडाळा आणि झाकण लावून ६ ते ८ तास ढवळा. गाळा. उरलेल्या चोथ्यावर ३०० मिली ताजा ॲसिटोन, ४ तास. पुन्हा गाळून तसेच तिसऱ्यांदा. एकदम ११०० मिली घालून दिवसभर ठेवण्यापेक्षा तीन भागांत काढलेले जास्त पदरात पडते. प्रत्येक वेळी द्राव पुडीशी समतोलाला येऊन थांबतो, आणि ताजा द्रावक तो समतोल पुन्हा आपल्या बाजूला ओढतो. तिसऱ्या वेळचा गाळलेला द्राव फिकट लिंबासारखा दिसायला हवा. तो अजून केशरी असेल तर पूड जाड राहिली आहे किंवा ढवळताना तळाशी बसली होती.

अल्ट्रासाउंड बाथ असेल तर प्रत्येक फेरी ३०–४० मिनिटांवर येते. बाथचे पाणी तापत जाते, ते ४० अंशांच्या वर जाऊ न देता बर्फाने आवरा. घरगुती मायक्रोवेव्हमध्ये ॲसिटोन कदापि ठेवू नका.

सॉक्सलेट (तोच द्रावक उकळवून, थंड करून पुडीवर पुन्हापुन्हा सोडणारे काचेचे उपकरण) वापरायचा असेल तर माल कमी घ्या: २०० मिलीच्या एक्स्ट्रॅक्टरला ४० ग्रॅम पूड, ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये ३०० मिली ॲसिटोन, उकळी फुटण्यासाठी चिनीमातीचे दोन-तीन खडे. थिंबल काठोकाठ भरू नका. पुडीची पातळी सायफनच्या नळीच्या खाली हवी, नाहीतर वरची पूड द्रावात बुडतच नाही. वर कापसाचा बोळा ठेवा. तासाला चार-पाच सायफन पडतील इतकी उष्णता द्या. ६ ते ८ तासांत सायफनमधला द्राव जवळजवळ रंगहीन होतो. पद्धत द्रावकाची बचत करते, पण काढलेले कुरकुमीन तितके तास खालच्या फ्लास्कमध्ये उकळत राहते. ॲसिटोनच्या ५६ अंशांना हे खपून जाते, इथेनॉलच्या ७८ अंशांना थोडे कमी खपते. मला विचाराल तर ढवळण्याची पद्धतच बरी, निदान पहिल्या खेपेला.

आटवणे

तिन्ही वेळचे गाळलेले द्राव एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० ते ४५ अंशांच्या बाथमध्ये निर्वात दाबाखाली आटवा. फ्लास्क निम्म्याहून जास्त भरला की फेस उसळून कंडेन्सरमध्ये जातो. मधासारखी धार येईपर्यंतच आटवा. पूर्ण कोरडा केलात तर काचेला चिकटलेला थर खरवडताना नाकी नऊ येतात. रोटरी नसेल तर साध्या ऊर्ध्वपातनाने ॲसिटोन काढा, शेवटचे ५० मिली मात्र पाण्याच्या कोमट बाथवर फ्यूम हूडमध्येच उडू द्या. रिकाम्या फ्लास्कचे वजन आधी घेऊन ठेवले असेल तर आता रेझिनचे वजन कळेल. तेल आधी काढलेल्या १०० ग्रॅम पुडीतून साधारण ६ ते ८ ग्रॅम येते. १२ ग्रॅमच्या वर आले तर आनंदू नका, ॲसिटोन अडकला आहे किंवा पूड ओली होती.

स्फटिक

रेझिनवर आयसोप्रोपेनॉल घाला आणि ६५ ते ७० अंशांच्या वॉटर बाथवर रिफ्लक्स कंडेन्सर लावून ढवळा. सुरुवात ४० मिलीने करा, मग गरम आयसोप्रोपेनॉल १०-१० मिलीने वाढवत न्या. नारिंगी भाग विरघळला आणि तळाशी फक्त तपकिरी, डिंकासारखा गाळ राहिला की थांबा. तो गाळ आयसोप्रोपेनॉलमध्ये विरघळत नाही. त्याच्या मागे लागून द्रावक वाढवत बसलात तर नंतर स्फटिकच पडणार नाहीत. गरम असतानाच, आधी तापवलेल्या फनेलमधून गाळा. थंड फनेलमध्ये स्फटिक कागदातच धरतात.

आता घाई नको. फ्लास्क त्याच गरम बाथमध्ये, उष्णता बंद करून ठेवा. चार-पाच तासांत तो आपोआप खोलीच्या तापमानाला येतो. शुद्ध कुरकुमीनचे कण जवळ असतील तर ४५ अंशांच्या आसपास चिमूटभर बीज टाका. नसतील तर काचेच्या कांडीने आतली बाजू घासा. नंतर ४ अंशांवर रात्रभर ठेवायचे असते, पण घरगुती फ्रिजमध्ये नाही. त्याच्या थर्मोस्टॅटची ठिणगी द्रावकाच्या वाफेला पुरते. बर्फ भरलेली थर्माकोलची पेटी हे काम बिनधोक करते, फक्त फ्लास्कचे बूच घट्ट हवे आणि बाहेर सांडलेला द्रावक पेटीला लागू नये.

स्फटिकांऐवजी तळाशी केशरी तेलाचे थेंब साचले तर तीन कारणे संभवतात: तेल नीट निघाले नव्हते, द्राव फार दाट होता, किंवा थंड घाईने केले. उपाय तिन्हींवर एकच. पुन्हा ६० अंशांना न्या, १५–२० मिली आयसोप्रोपेनॉल वाढवा, बीज टाका आणि अधिक हळू थंड करा. तरीही थेंबच पडले तर द्राव आटवून रेझिन ४० मिली हेक्झेनने दोनदा घोटून घ्या, वरचा हेक्झेन ओता आणि स्फटिकाची पायरी नव्याने सुरू करा.

पडलेले स्फटिक बुकनरवर गाळून १० मिली बर्फगार आयसोप्रोपेनॉलने आणि मग १० मिली हेक्झेनने धुवा. धुण्याचा द्रावक कोमट असेल तर हातचा माल त्यात विरघळून जातो. ४५ अंशांच्या व्हॅक्यूम ओव्हनमध्ये, अंधारात, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. मूळ पुडीत ४ ग्रॅम होते असे धरले तर पहिल्या खेपेत २ ते २.५ ग्रॅम येणे समाधानकारक. बाकीचे गाळून निघालेल्या द्रावात असते. तो निम्मा आटवून दुसरा तोडा घेता येतो, पण तो पहिल्यात मिसळू नका. डीमिथॉक्सी भावंडे जास्त विरघळणारी असल्याने दुसऱ्या तोड्यात त्यांचे प्रमाण चढे असते.

शुद्धता

१० मिलिग्रॅम स्फटिक इथेनॉलमध्ये विरघळवून १०० मिली करा. त्यातले २ मिली पुन्हा १०० मिलीपर्यंत न्या. पूर्ण शुद्ध मालाचे शोषण इथे ०.३२१ येईल. तुमचे ०.२८९ आले तर शुद्धता ९० टक्के. ८० च्या खाली असेल तर पुन्हा एकदा आयसोप्रोपेनॉलमधून स्फटिक घ्या.

सिलिका जेलच्या पातळ थरावर नमुन्याचा ठिपका ठेवून क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ९५ ला ५ या प्रमाणात चालवले की तीन पिवळे ठिपके दिसतात: सर्वांत वर कुरकुमीन, मध्ये डीमिथॉक्सी, खाली बिसडीमिथॉक्सी. ठिपक्यांखाली पिवळा ओघळ राहिला तर नमुना जास्त टाकला आहे किंवा रेझिन शिल्लक आहे. शुद्ध कुरकुमीन १८३ अंशांच्या सुमारास वितळते. तिघांचे मिश्रण त्याआधीच मऊ पडू लागते आणि बऱ्याच अंशांच्या पट्ट्यात वितळते, तेव्हा वितळणबिंदू पसरट आला म्हणून काम फसले असे समजू नका.

हा माल तोंडात घालू नका. खाद्य रंग म्हणून कुरकुमीनसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या अन्न-मिश्रकांवरील संयुक्त तज्ज्ञ समितीने ॲसिटोनचा उरलेला अंश किलोमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत, हेक्झेनचा २५ मिलिग्रॅमपर्यंत आणि आयसोप्रोपेनॉलचा ५० मिलिग्रॅमपर्यंत मान्य केला आहे. ते तपासायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो, नाकाने कळत नाही. शिवाय हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्या खाऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतल्या हळदीचा अनुभव या पावडरीला लागू पडत नाही.

स्फटिक तपकिरी काचेच्या बाटलीत, सिलिका जेलची पुडी घालून, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. लेबलवर हळद कुठून आणली, कोणता द्रावक, कितवा तोडा, तारीख आणि मोजलेली शुद्धता लिहा. ऊर्ध्वपातनातून परत आलेला ॲसिटोन पुढच्या खेपेच्या पहिल्या फेरीला चालतो, शेवटच्या फेरीला मात्र ताजाच घ्या. उरलेला चोथा फ्यूम हूडमध्ये पूर्ण कोरडा करूनच बाहेर काढा. ओला चोथा कचऱ्याच्या डब्यात टाकला तर त्यातली वाफ झाकणाखाली साठते. हा चोथा जनावरांना घालू नका, आणि क्लोरोफॉर्म असलेला कचरा बाकी द्रावकांत मिसळू नका. विशेषतः ॲसिटोनबरोबर आम्लारी पदार्थ असतील तर ती जोडी जोरात प्रतिक्रिया देते, म्हणून त्यासाठी वेगळी, नाव लिहिलेली बाटली ठेवा.